जानेवारीतला धूमकेतू कोणी खरवडला

काल तुमचा शेवटचा रोल धुतला. मी धुतला, एकटीने. "तू तुझं टेबलावरचं काम बघ, अंधारातलं मला सोड," असं आयुष्यभर म्हणालात ना? मग बघा आता. न्हाणीघराच्या दाराला गोधडी टांगली, खालच्या फटीत तुमची जुनी बनियनं कोंबली आणि बसले धुवायला. अंधारात चाचपडताना निम्मा डेव्हलपर फरशीवर सांडला. हायपोची बाटली उघडली आणि फिल्म पक्की करायच्या त्या औषधाचा वास न्हाणीघरभर झाला. जेवायला पानावर बसलात तरी तुमच्या बोटांना तो वास असायचा आणि मी रोज करवादायचे, "साबण लावा हो, आमटीला हायपो लागतोय." काल मी साबण न लावताच जेवायला बसले.

रोलवर काही नाही हो. ओली फिल्म खिडकीपाशी धरली, भिंग लावलं, पुन्हा पुन्हा बघितली. सगळ्या फ्रेमा सारख्याच मळकट. एमआयडीसीचे दिवे, कॉलनीचे दिवे, त्या रस्त्यावरच्या खांबांचा पांढराफटक उजेड, सगळं फिल्मवर साकळलंय आणि त्यात धूमकेतू कुठल्या कुठे बुडून गेलाय. एखादी चांदणी दिसते न दिसते. शेवटची फ्रेम मात्र काळीकुट्ट. ती का काळी, ते मला ठाऊक आहे. केबलचा खटका लावून तुम्ही शटर उघडं ठेवलं होतंत, मनात मोजत उभे असणार, आणि मोजता मोजताच पडलात. बंद करायला कोणी नव्हतं. मी चहा घेऊन गच्चीवर आले तेव्हा ऊन आलं होतं. कॅमेरा तिपाईवर जसाच्या तसा उभा होता, तुम्ही त्याच्या पायाशी, आणि शटर उघडंच. ती अख्खी सकाळ त्या एका फ्रेममध्ये शिरली, आणि निगेटिव्हवर उजेड काळाच उठतो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. लोकांना समजूत घालायची फार घाई असते.

मला त्या रोलवर धूमकेतू हवा होता. तुमच्यासाठी नव्हे, तुम्हाला आता काय करायचाय? तुमच्या वडिलांसाठी हवा होता. तुम्ही गेल्यापासून आबांनी धड घास घेतलेला नाही. पेजेची वाटी पुढे ठेवली की हाताने बाजूला सारतात आणि एकच धरून बसतात, "मीच मागितलं त्याच्याकडं. मीच धाडला त्याला वर." दाभोळच्या खाडीत ज्यांच्या हाताखाली खलाशी चळाचळा कापायचे, तो तांडेल गॅलरीतल्या बाकावर पोटाशी पाय घेऊन बसलाय. घरात आता आम्ही दोघंच. मला वाटलं होतं, रोल धुवीन, फोटो काढीन, त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, घ्या, तुमच्या लेकाने काम पुरं केलं. मग तरी जेवतील. आता काय देऊ त्यांच्या हातात? तो काळा चौकोन?

सगळं सुरू झालं आबांच्या शेंडेनक्षत्रापासून. ते लहान असताना बापाबरोबर होडीत झोपले होते आणि बापाने उठवून दाखवलं, शिडासारखी शेपटी, खाडीच्या मुखापासून पार डोंगरापर्यंत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ही गोष्ट ऐकतेय. दर वेळी शेपटी थोडी वाढायची. पेपरात आलं की तोच धूमकेतू पुन्हा येतोय, तेव्हा आबा लहान पोरासारखे हरखले. पण डोळ्यांत मोतीबिंदू. "फोटोत बघीन," म्हणाले. "तू येवढी लोकांची लगीनं काढतोस, बापासाठी येवढं काढ. पन मी नसलो तिथलं नको. कुठलंतरी दाखवून मला फसवशील." तुम्ही हो म्हणालात. तुमचं आपलं कायमचंच, बापाला हो आणि बायकोला बघू.

समुद्रावर जा, तिथे अंधार असतो, असं सगळ्यांनी सांगितलं. पण वाळूत आबांचे गुडघे चालेनात. म्हणून आपली गच्चीच. नाचणे रस्त्यावरच्या या कॉलनीत आपण राहायला आलो तेव्हा संध्याकाळनंतर बाहेर मिट्ट काळोख असायचा आणि आपणच सह्या गोळा करून खांब मागितले होते, आठवतंय? आता त्याच खांबांना तुम्ही शिव्या घालायला लागलात. पश्चिमेला सगळं गाव उजळलेलं, त्यापलीकडे बंदर, त्यापलीकडे समुद्राची एवढीशी रेघ. धूमकेतू दिसायचा सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ, गुरूच्या आसपास, बोट पुसल्यासारखा. तुम्ही मला धरून दाखवलात तेव्हा मी म्हटलं, "हा? एवढ्यासाठी?" तुम्ही चिडलात. माझं तोंड तसं वाईटच, ते तुम्ही पत्करूनच लग्न केलंत.

आणि वेळ कुठली, तर नेमकी दिवेलागणीची! तुम्ही हात जोडून कॉलनीत दारोदार फिरलात, "जरा वेळ दिवे घालवाल का?" मी तुमच्या मागे, ओशाळून. खालच्या खोतकाकींनी तर कपाळावर हात मारून घेतला. "तिन्हीसांजेला दिवा घालवू? अहो फोटोवाले, ही लक्ष्मी यायची वेळ! बरे आहात ना?" कोणी तयार होईना. तुमचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी काकीच जिन्यापर्यंत मागे आल्या आणि म्हणाल्या, "दिवा घालवायची नाही मी. पण खिडकीवर घोंगडी टाकते, उजेड बाहेर येणार नाही. चालेल?" चालेल म्हणजे काय! त्या संध्याकाळी सगळ्या कॉलनीने खिडक्यांवर मिळेल ते टाकलं. गोधड्या, चटया, जुनी लुगडी. घराघरात देवापुढे दिवा लागलेला आणि बाहेर काळोख. कोपऱ्यावरच्या खांबाचं काय करायचं, तर आंबे उतरवायच्या झेल्याने तुम्ही ओलं गोणपाट त्या दिव्यावर चढवलंत आणि ते वाफाळायला लागलं. आबांना खुर्चीत बसवून चौघांनी गच्चीवर आणलं. "कुठाय रे?" ते विचारत होते. तुम्ही त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून पश्चिमेकडे वळवलंत. त्यांना काहीएक दिसलं नाही. तरी हात जोडले त्यांनी.

त्या रोलवर आला होता तो. एका फ्रेममध्ये, स्पष्ट. तुम्ही न्हाणीघरातून ओरडलात, "अगं ये, ये, शेपटी आहे त्याला!" ओल्या निगेटिव्हवर काळा ठिपका, कडेने विरत गेलेला, वरच्या बाजूला जरासा ओढलेला. लगेच कागदावर फोटो काढला असतात तर? पण नाही. चांगला कागद मुंबईहून यायचा होता, साध्या कागदावर आबांना द्यायचा नव्हता. "बापाला एकदाच द्यायचाय, नीट देऊ." निगेटिव्ह पाकिटात घालून टेबलावर ठेवलीत. तुमच्या या नीट देण्याने माझं वाटोळं केलं, हे मी आज पहिल्यांदाच तुम्हाला तोंडावर सांगतेय.

पौष लागला होता. लग्नं बंद, म्हणून आपण दोघं मार्गशीर्षातल्या लग्नांचा ढीग उपसत बसलो होतो. एकच टेबल, एकच दिवा, खालून काचेचा उजेड, दोघांच्या हातात पात्याचे तुकडे. आपल्या दमट हवेत एकही नवरदेव कधी कोरडा आला नाही. नाकावर, कपाळावर घामाची चकाकी, फोटोत ती पांढरीशुभ्र उठते, म्हणून निगेटिव्हवरचा तो काळा डाग पात्याने हलके हलके खरवडायचा. जन्मभर हेच केलं आपण. हात आपोआप चालतो, तोंडाने गप्पा. कागद आला, तुम्ही पाकीट उघडलंत आणि निगेटिव्ह उलटीसुलटी करून बघत राहिलात. धूमकेतू नव्हता. त्याच्या जागी अगदी सफाईदार, स्वच्छ आकाश. लग्नाच्या ढिगात ती निगेटिव्ह केव्हा मिसळली देव जाणे, आणि आपल्यापैकी कोणीतरी नवरदेवाचा घाम समजून तो खरवडून टाकला होता.

मग जे आपण भांडलो! "तूच!" "मी कशाला, तुम्हीच!" "एवढं बारीक काम तुझंच." "आणि एवढा धांदरटपणा कोणाचा?" मी म्हटलं, आणा इकडे, ब्रशने काढून देते शेपटीवाला, आबांना काय कळतंय. मोत्यांचे सर रंगवले मी, नवऱ्या मुलींना झुमके घातले, मेलेल्या माणसांच्या फोटोत मिटलेले डोळे उघडून दिले, मग एक धूमकेतू मला जड होता का? तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी ब्रश खाली ठेवला. "बापाला हाताने काढलेलं द्यायचं नाही," एवढंच म्हणालात आणि दिवसभर अबोला. आबांना सांगितलंत, रोल खराब निघाला. मला त्यांच्यासमोर तोंडघशी पाडलं नाहीत, हे तेव्हाही मला कळलं होतं. पण रागात मी ते मानलं नाही.

धूमकेतू सूर्याच्या पलीकडे गेला आणि फाल्गुनात पहाटे उलट्या बाजूला उगवायला लागला. तुम्ही पुन्हा तयारीला लागलात. मी किती सांगितलं तुम्हाला! मंडणगडला चला, माझ्या माहेरी, तिथे डोंगरात खांब नाहीत, दिवे नाहीत, हात पुढे केला तर हात दिसत नाही. तुम्ही हसलात. "माहेरी जायला आता धूमकेतूसुद्धा पुरतो का तुला?" मी म्हटलं, चेष्टा नको, छातीत दुखतं म्हणता, रोज पहाटे जिने चढू नका. "आबांना कुठे ठेवू? स्टुडिओ कोण उघडेल?" आणि मग हळूच, "पहिला वाया गेला ना, मग दुसरा काढायला नको?" त्या 'वाया गेला'मध्ये कोणाचं नाव होतं, हे तुम्ही कधी उघड बोलला नाहीत. मंडणगडला गेला असतात तर अंधारात फोटो आला असता, एका पहाटेत काम झालं असतं, आणि आज तुम्ही समोर बसून मला वैताग देत असतात. मी हेच म्हणत फिरतेय घरभर. खोतकाकी म्हणतात, आता पुरे गं. काय पुरे? माझं पुरलंय का?

आणि लोक! भेटायला आले ते शेंडेनक्षत्राला दोष देऊन गेले. अशुभच ते, एकाला तरी घेऊनच जातं म्हणे. मला असा संताप आला. म्हटलं, त्याने काय केलंय, तो बिचारा आपल्या वाटेने चालला होता, तुमचे दिवे जरा कमी असते तर यांना एवढे दिवस वर जावं लागलं नसतं. गावात शिमग्याचे ढोल वाजत होते आणि आपल्या दारासमोर आले की थांबत होते. कोणीतरी विचारलं, हार घालायला फोटो कुठला द्यायचा? सगळ्या गावाचे फोटो आहेत घरात, तुमचा एक धड नाही. आपल्या लग्नातला आहे, त्यात तुम्ही डोळे मिटलेत. इतकी वर्षं मी तो तसाच ठेवला होता, चिडवायला. मेलेल्यांचे डोळे उघडायची ना मी? त्या फोटोसमोर बसले ब्रश घेऊन. माझ्याने झालं नाही हो. तसाच लावलाय. मिटलेल्या डोळ्यांचा.

आता तुम्हाला न सांगितलेलं सांगते. जानेवारीतल्या त्या भांडणानंतर मी एकदा गुपचूप ती निगेटिव्ह भिंगाखाली घेतली होती. तुम्ही डावखुरे. माझे ओरखडे एका अंगाला कलतात, तुमचे बरोबर उलट. शाळकरी पोरालाही ओळखता आलं असतं. हात तुमचा होता. तुम्हीच खरवडलात, धूमकेतू तुमचा तुम्हीच. मला काय आनंद झाला! पण लगेच दाखवलं नाही. म्हटलं, आत्ता दाखवलं तर खचेल हा माणूस. नवा फोटो येऊ दे, आबांच्या हातात पडू दे, मग पुढ्यात निगेटिव्ह टाकीन, भिंग टाकीन आणि म्हणेन, बोला आता साहेब. मग तुम्ही कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला असतात आणि आपण पोट दुखेस्तोवर हसलो असतो. मी त्या दिवसाची तयारी करून बसले होते. पाकीट तांदळाच्या डब्यामागे लपवलं होतं. का तुम्हालाही कळलं होतं? तुम्हीही बघितलं होतंत का कधी भिंग लावून? म्हणून मला न बोलता रोज पहाटे उठून जात होतात का? कोणाला विचारू मी हे? सांगा ना, कोणाला विचारू?

आज सकाळी पेज पुन्हा परत आली. "मी धाडला त्याला," आबा म्हणाले, आणि आवाज असा की विहिरीतून यावा. मला वाटलं, हेही चालले. एकामागे एक, आणि मी नुसती बघत राहायची. मी वाटी बाकावर ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

म्हटलं, "आबा, तुम्ही धाडलं म्हणून ते गेले नाहीत. तुमचं काम त्यांनी जानेवारीतच केलं होतं. आलं होतं तुमचं शेंडेनक्षत्र फोटोत, शेपटीसकट."

आबांनी मान वर केली. "मग? मला तर बोलला, रोल खराब झाला."

"मला झाकायला बोलले. ते मी पात्याने खरवडलं. घामाचा डाग समजून. म्हणून त्यांना पुन्हा वर जावं लागलं."

आबांनी काठी हातात घेतली. मग, "तू?"

"मी."

"तू खरवडलंस?"

"मीच."

"डोळे फुटले व्हते काय गो तुझे?" अहो, केवढ्याने ओरडले! खालून खोतकाकी धावत जिन्यात आल्या. काठी आपटली त्यांनी. "सगळ्या कॉलनीनं खिडक्या झाकल्या, मला चौघांनी उचलून वर नेला, पोरानं जीव टाकला, आन् तू घाम म्हणून खरवडतेस? आन् तो गप ऱ्हायला? बोलला नाय तुला?"

"बोलले. खूप बोलले."

"थोडं बोलला!" आबा ताठ बसले होते, होडीवर बसावं तसे. तोंडात येतील त्या शिव्या दिल्या मला, दाभोळच्या, बंदरावरच्या, तुम्ही मला कधी ऐकू दिल्या नाहीत तसल्या. मी मान खाली घालून ऐकत होते. शेवटी दम लागला. वाटीत बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, "निवली ही. गरम कर. आन् मीठ घाल, काल अळणी व्हती. तोंड नको दावूस मला." मी गरम करून आणून ठेवली. माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, सगळी प्यायले. वाटी आपटून ठेवली. संध्याकाळी स्वतःहून, भिंतीकडे बघतच, विचारलं, "ती बाय जेवन करनार हाय का नाय?"

मी खोटं बोलले तुमच्या बापाशी. हाताने काढलेलं द्यायचं नाही म्हणाला होतात, तोंडाने सांगितलेलं नको असं काही म्हणाला नव्हतात. त्यांना चिडायला कोणीतरी हवं होतं, स्वतःवर चिडून माणूस जगत नाही. माझ्यावर चिडून जगतील थोडे दिवस. मला सवय आहे, तुमच्या घरचीच शिकवण.

पण आता तुम्ही मध्ये पडू नका. मी काही सांगायला लागले की "नाही गं, तसं नव्हतं ते" असं करायची तुमची खोड होती. आबांच्या स्वप्नात जाऊन एक अक्षर बोलाल तर बघा. पुरावासुद्धा ठेवलेला नाही मी. मघाशी तांदळाच्या डब्यामागून पाकीट काढलं, टेबलावर दिवा लावला, तुमची खुर्ची जरा बाजूला केली आणि पातं घेतलं. तुमच्या प्रत्येक ओरखड्यावरून माझा ओरखडा ओढला, माझ्या अंगाला कलणारा. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हात हलला नाही, शिकवलंत तुम्हीच. आता कोणीही भिंग लावून बघू दे, उद्या आबांचं ऑपरेशन होऊन त्यांनी बघितलं तरी बघू दे. धूमकेतू मीच खरवडला. भांडण मिटलं, तुम्ही जिंकलात. जिंकलात की माझ्याकडे बघून जे हसायचात ना, ते एकदा हसा आणि मग जा.